टाटा मुंबई मॅरेथॉन 2024 : बिबच्या मागची बाजू

21 जानेवारी 2024 रोजी झालेल्या टाटा मुंबई मॅरेथॉनमध्ये मी पूर्ण अंतराची, म्हणजे 42.195 किलोमीटरची शर्यत धावलो. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी धावलेली ही माझी पहिलीच पूर्ण मॅरेथॉन होती. त्याच दिवशी या स्पर्धेत सहभागी झालेल्या दोन धावपटूंचे निधन झाले. शर्यत कशी होती, पुन्हा धावशील का, आम्ही नाव नोंदवावे का, असे मित्र आजही विचारतात आणि प्रत्येक वेळी मी उत्तर अर्धवटच देतो, कारण व्यवस्थेचे कौतुक करायला लागलो की त्या दोन घरांची आठवण होते, आणि त्या घरांविषयी बोलायला लागलो की रस्त्यावर पहाटेपासून उभ्या असलेल्या हजारो माणसांवर अन्याय केल्यासारखे वाटते. म्हणून एकदा सविस्तर लिहितो आहे.

या शर्यतीचे वेड मला 2004 सालापासूनचे. मुंबई मॅरेथॉनचे ते पहिलेच वर्ष होते. मी नव्याने नोकरीला लागलो होतो आणि रविवारची पाळी असल्यामुळे सकाळी फोर्टात उतरलो, तर रस्ता अडवलेला, आणि त्या मोकळ्या रस्त्यावरून, घामाने निथळत, एक पासष्टीचे गृहस्थ संथपणे धावत येत होते. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही उभा राहिलो आणि कामावर अर्धा तास उशिरा पोहोचलो. त्यानंतर संसार, लोकलचा प्रवास, मुलीची शाळा यांत वीस वर्षे गेली. मधल्या काळात अर्ध मॅरेथॉन तीनदा धावलो. 2021 आणि 2022 साली करोनामुळे स्पर्धाच झाली नाही. 2024 ची ही एकोणिसावी आवृत्ती होती आणि तिच्यासाठी मी डोंबिवलीच्या एमआयडीसीतील रस्त्यांवर आठ महिने सराव केला.

व्यवस्थेविषयी आधी सांगतो, कारण ती सांगण्यासारखी आहे. शर्यतीआधी वांद्रे-कुर्ला संकुलात भरणाऱ्या एक्स्पोमध्ये, म्हणजे प्रदर्शनात, बिब (छातीवर पिनांनी लावायचा क्रमांकाचा कागद) आणि टायमिंग चिप घ्यायला मला पाऊण तास लागला, आणि त्यातलाही निम्मा वेळ मी स्वतःहून बूट आणि मोजे पाहण्यात घालवला. शर्यतीच्या दिवशी मध्य आणि पश्चिम रेल्वे धावपटूंसाठी भल्या पहाटे खास लोकल सोडतात. ही सोय उपनगरांतल्या माणसासाठी किती मोलाची आहे, हे दक्षिण मुंबईत राहणाऱ्यांच्या लक्षात येणार नाही. कल्याणहून सुटलेल्या त्या गाडीत डोंबिवलीला चढलो तेव्हा डब्यातल्या प्रत्येकाच्या छातीवर बिब होता आणि कोणी केळे सोलत होते, तर कोणी पोटऱ्यांना मलम चोळत होते. आझाद मैदानात सामान जमा करून, अपेक्षित वेळेनुसार ठरवून दिलेल्या तुकडीत जाऊन उभे राहायचे. पाचच्या ठोक्याला पूर्ण मॅरेथॉन सुटली. मागच्या तुकडीत असल्यामुळे आम्हाला आरंभरेषा ओलांडायला काही मिनिटे लागली, पण चिप त्या रेषेपासूनच वेळ मोजत असल्यामुळे त्याची चिंता नसते.

मार्ग मुंबईकराला नव्याने सांगायला नको. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून मरिन ड्राइव्ह, चौपाटी, पेडर रोड, हाजीअली, वरळी, तिथून वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून वांद्रे, मग माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवी करत पुन्हा वरळी, हाजीअली, पेडर रोड आणि शेवटी परत मरिन ड्राइव्ह. सागरी सेतूवर एरवी पायी जायला बंदी आहे. मी सेतूवर होतो तेव्हा उजव्या हाताला, दादर-प्रभादेवीच्या इमारतींच्या मागे उजाडत होते आणि सेतूच्या तारांमधून येणारा वारा घामेजल्या पाठीला लागत होता. माझ्या वेगाने धावणाऱ्याला सूर्योदय नेमका सेतूवर भेटतो. जलद धावणाऱ्यांचा तो हुकतो, आणि याबाबतीत हळू धावणाऱ्यांचा मला फायदाच वाटतो.

माहीमपासून पुढे शहर जागे झालेले असते. शिवाजी पार्कच्या परिसरात ढोल-ताशा होता, कोणी गुळाची चिक्की, कोणी मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी, कोणी उकडलेले बटाटे घेऊन उभे होते. एक आजी घराच्या फाटकापाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या बिबवरचे नाव वाचून हाक मारत होत्या. चश्मा नाकावर सरकवत त्यांनी माझे नाव वाचले आणि "अरे, मान खाली घालून काय पळतोस, वर बघ," असे म्हणाल्या. पुढचे दोन किलोमीटर मी खरोखर मान वर ठेवून धावलो. वरळीजवळ, आमच्यानंतर दोन तासांहून अधिक उशिरा सुटलेले अव्वल धावपटू आम्हाला मागे टाकून गेले. तळपाय जमिनीला टेकतो न टेकतो तोच उचलला जावा, अशी ती धाव होती. त्यांच्यातल्या इथिओपियाच्या हायले लेमी याने ही शर्यत 2 तास 7 मिनिटे 50 सेकंदांत जिंकली, हे नंतर समजले. आदल्या वर्षीचा विजेताही तोच होता.

आता उन्हाविषयी. मुंबईत जानेवारीच्या पहाटे गारवा असतो, पण हवेतली आर्द्रता कमी होत नाही. घाम येतो, पण तो वाळत नाही, आणि वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. हृदयाला एकीकडे स्नायूंना रक्त पुरवायचे असते आणि दुसरीकडे शरीरातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेकडेही पुष्कळ रक्त पाठवायचे असते, त्यामुळे त्याच वेगाला नाडीचे ठोके वाढत जातात. माझ्या घड्याळात सागरी सेतूवर 148 दिसत होते आणि हाजीअलीला, वेग कमी झालेला असूनही, 167. त्यात 35 व्या किलोमीटरच्या आसपास, जिथे पायांत काही उरलेले नसते तिथे, पेडर रोडचा चढ येतो. साडेनऊचे ऊन, समोर चढ आणि मागे साडेचार तासांची धाव. या चढाची तयारी न करता कोणी पूर्ण मॅरेथॉनला उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी तो चढ चालत चढलो, आणि त्याची मला खंत नाही.

पाण्याची आणि मीठ-साखरेच्या पेयाची टेबले ठराविक अंतरावर होती आणि शेवटपर्यंत पाणी मिळाले. या ठिकाणी एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. तहान नसताना प्रत्येक टेबलावर पेलाभर पाणी पिणे हीसुद्धा चूकच आहे. पाणी जास्त झाल्याने रक्तातले सोडियमचे प्रमाण घसरले तर चक्कर, उलटी, गोंधळ अशी लक्षणे दिसतात, ती पाण्याच्या कमतरतेसारखीच भासतात, आणि मदत करणारा आणखी पाणी पाजतो. दुसरी गोष्ट वेदनाशामक गोळ्यांची. आरंभापूर्वी आमच्या तुकडीत एक जण आपल्या मित्रांना गोळ्या वाटत होता आणि आधीच घेतली की गुडघा दुखत नाही, असे सांगत होता. त्याने ती मलाही देऊ केली. मी घेतली नाही, कारण शरीरातले पाणी कमी होत असताना या गोळ्यांचा ताण मूत्रपिंडावर येतो, हे आमच्या डॉक्टरांनी पूर्वीच बजावले होते. घेणाऱ्यांनी ती पेढ्यासारखी घेतली.

मरिन ड्राइव्हवर, पोलीस जिमखान्याच्या अलीकडे, तिशीचा एक मुलगा दुभाजकाला टेकून खाली बसलेला दिसला. माझ्यापुढचे चार-पाच जण त्याच्या बाजूने निघून गेले. त्यांना दोष देत नाही, कारण 39 किलोमीटर धावल्यावर डोळ्यांना समोरच्या पाच फुटांपलीकडे फारसे दिसत नाही. मीही दहा-बारा पावले पुढे गेलो होतो. मागे वळलो याचे कारण त्याचे ओठ. ते पांढरे पडले होते. मी त्याच्याजवळ वाकलो तर तो म्हणाला, "दादा, तुम्ही जा, तुमचा टाइम जाईल." त्याचा हात हातात घेतला तेव्हा तो भर उन्हात गार आणि चिकट लागला. मी टोपी हलवून स्वयंसेवकांना हाक मारली. कॉलेजातली एक मुलगी धावत आली, तिने शिट्टी वाजवली, आणि मला वाटले त्यापेक्षा पुष्कळ लवकर वैद्यकीय पथकातले दोघे जण पिशवी घेऊन पोहोचले. त्यांनी त्याला आडवे केले, पाय उंच धरले, नाडी पाहिली, रक्तातली साखर तपासली. त्याला स्वतःचे गाव नीट सांगता आले आणि मग तो थोडा रडला. "आता आम्ही आहोत, तुम्ही निघा," असे त्यांच्यातल्या बाईंनी मला सांगितले. मी निघालो. त्या ठिकाणी माझी नऊ मिनिटे गेली आणि त्या नऊ मिनिटांत पाहिलेली तत्परता हे या स्पर्धेविषयीचे माझे सर्वांत चांगले मत आहे.

5 तास 31 मिनिटांनी मी अंतिम रेषा ओलांडली. पदक गळ्यात घातले गेले, हातात खाऊची पिशवी आली, आणि मी आझाद मैदानाच्या कडेला जमिनीवर बसून काही वेळ नुसता रडलो. ते रडणे फक्त आनंदाचे होते. त्या क्षणापर्यंत मला दुसरे काही ठाऊकच नव्हते.

फोनची बॅटरी संपली होती. परतीच्या लोकलमध्ये अनोळखी लोकांनी हात मिळवले, एका गृहस्थांनी उठून बसायला जागा दिली. डोंबिवलीला उतरून रिक्षाने घरी पोहोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता आणि पत्नी इमारतीच्या फाटकाशी, उन्हात, चपला न घालता उभी होती. मला पाहून ती काही बोलली नाही. तिने माझ्या दंडाला हात लावून पाहिला, आणि मग जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. दूरचित्रवाणीवर बातमी आली होती की मॅरेथॉनमध्ये दोन धावपटूंचा मृत्यू झाला आहे. त्यानंतर तिने मला किती वेळा फोन लावला, हे तिला मोजताही आले नव्हते. माझे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले, ते घरातच, सकाळचा चहा पिताना गेले, आणि त्या सकाळी स्वयंपाकघरात तीच होती.

वर गेलो. मला ओवाळण्यासाठी तिने तबक तयार करून ठेवले होते. ओट्यावर कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी सगळे मांडलेले होते आणि निरांजनातली वात तुपात भिजून तशीच होती. ते तिने लावले नाही आणि मीही लाव म्हटले नाही. गळ्यातले पदक काढून मी तबकाशेजारी ठेवले. अंगातला शर्ट सोडवताना तिने बिबच्या चारही सेफ्टी पिना काढल्या, बिब उलटा केला आणि तो बराच वेळ हातात धरून ठेवला. बिबच्या मागच्या बाजूला रक्तगट, आजार, चालू औषधे, ॲलर्जी आणि आणीबाणीत कोणाला कळवायचे त्याचे नाव व फोन क्रमांक लिहिण्यासाठी रकाने असतात.

"अहो, हे कोरं कसं?" तिने विचारले.

आठ महिने मी दर रविवारचे अंतर, वेग, झोपेचे तास, बुटांनी कापलेले किलोमीटर असे सगळे वहीत लिहिले होते. बिब हातात आल्यावर त्याचा समोरून फोटो काढला होता, तो नातेवाइकांना पाठवला होता. मागचे पाच रकाने भरायला दोन मिनिटे लागली असती. त्या मुलाजवळ मरिन ड्राइव्हवर माणसे पोहोचली तेव्हा त्यांनी सर्वांत आधी त्याचा बिब उलटून पाहिला होता, हे मी स्वतः पाहिले होते, आणि तरीही माझ्या बिबचे मला आठवले नव्हते.

निधन पावलेल्या धावपटूंविषयी मी अधिक लिहिणार नाही. तेही आपल्यासारखेच पहाटे उठून, पिना लावून, घरच्यांचा निरोप घेऊन निघाले असतील, एवढेच माझ्या मनात येत राहते. मात्र त्या दिवसानंतर या विषयावर घरोघरी जे बोलले गेले, त्यातले बरेचसे एका टोकाचे होते. धावणे घातकच, असे म्हणणारे एका बाजूला आणि नियमित धावणाऱ्याला काही होत नाही, असे म्हणणारे दुसऱ्या बाजूला. अमेरिकेत 2000 ते 2010 या काळात मॅरेथॉन आणि अर्ध मॅरेथॉन धावलेल्या सुमारे 1 कोटी 9 लाख धावपटूंचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. त्यात 59 जणांचे हृदय बंद पडल्याची नोंद आहे आणि त्यांपैकी 42 जण दगावले. पूर्ण मॅरेथॉनमध्ये हे प्रमाण साधारण एक लाखात एक होते आणि अर्ध मॅरेथॉनमध्ये त्याच्या सुमारे एक चतुर्थांश. म्हणजे धोका थोडा आहे, पण ज्या घरावर तो येतो त्या घराला लाखातल्या उरलेल्यांचा काही उपयोग नसतो. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जे वाचले आणि ज्यांची पूर्ण माहिती मिळाली, त्यांच्या बाबतीत शेजारच्या माणसाने लगेच सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबत राहण्याचा प्रथमोपचार, सुरू केलेला होता.

म्हणून नाव नोंदवू पाहणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की चाळिशी ओलांडलेली असेल, घरात कोणाला हृदयविकार असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर बूट घेण्याआधी डॉक्टरांकडे जा. इटलीत स्पर्धात्मक खेळांत भाग घेणाऱ्यांना वैद्यकीय तपासणीचे प्रमाणपत्र 1982 पासून सक्तीचे आहे. आपल्याकडच्या सर्वच मोठ्या शर्यतींनी पूर्ण अंतरासाठी तसा विचार करावा, असे मला वाटते. तपासणीने सगळे धोके कळतात असे नाही, पण माझ्यासारखा माणूस, वडिलांचा इतिहास माहीत असूनही, सक्तीशिवाय जात नाही, हे मी स्वतःच्या उदाहरणावरून सांगू शकतो. माझ्या सराव गटात बुटांवर पंधरा-पंधरा हजार रुपये खर्च करणारे आहेत, आणि त्यांच्यातल्या तिघांनीच कधी हृदयाची ट्रेडमिल टेस्ट केली होती. मी केली ती फेब्रुवारीत, शर्यतीनंतर. अहवाल चांगला आला. तो आधी आला असता तर पत्नी त्या दिवशी अनवाणी उभी राहिली नसती, असे मला म्हणवत नाही, पण माझ्याकडे तिला दाखवायला निदान एक कागद असता.

सीपीआरचे प्रशिक्षण आम्ही मार्चमध्ये इमारतीच्या गच्चीवर ठेवले. बावीस जण आले. छातीच्या मधोमध, दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, कोपर ताठ ठेवून, मिनिटाला 100 ते 120 या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायचे. रबरी पुतळ्यावर दोन मिनिटे दाबल्यावर माझ्यासारख्या मॅरेथॉन धावलेल्या माणसाचेही हात भरून आले. कोणी शुद्ध हरपून कोसळले आणि नीट श्वास घेत नसेल तर एकाने दाबत राहायचे, दुसऱ्याने रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन लावायचा आणि हृदयाला विजेचा झटका देणारे एईडी यंत्र जवळ असेल तर ते आणायचे. हे एकदा हाताखालून गेले की रस्त्याच्या कडेला बसलेल्या माणसाकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो. आमच्या इमारतीतल्या दोन मुली आता रविवारच्या सरावाला माझ्याबरोबर येतात.

ही शर्यत धावण्यासारखी आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर होय असेच आहे. मार्ग सुंदर आहे, स्वयंसेवक मनापासून उभे असतात, आणि या शहराने आपल्या नावाने हाक मारावी असे वाटत असेल तर माहीम ते प्रभादेवी हा पट्टा एकदा तरी धावून पाहावा. उन्हाचा विचार करून वेळेचे लक्ष्य पंधरा-वीस मिनिटांनी सैल ठेवा. पहिलीच पूर्ण मॅरेथॉन असेल तर पेडर रोडचा परतीचा चढ चालत चढायचा, हे आधीच ठरवून टाका.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी 22 जानेवारीला, राज्यात सार्वजनिक सुट्टी होती आणि संध्याकाळी अयोध्येतील सोहळ्यानिमित्त आमच्या इमारतीत जवळजवळ प्रत्येक उंबऱ्यावर पणत्या लागल्या. पत्नीने आमच्याही दारात दोन लावल्या, मग आत येऊन ते तबक पुन्हा काढले, वात बदलली आणि मला पाटावर बसायला सांगितले. ओवाळून झाल्यावर तिने मुलीच्या दप्तरातले बॉलपेन घेतले आणि कालच्या बिबवर, मागच्या बाजूला, रक्तगट ओ पॉझिटिव्ह, औषध काही नाही, ॲलर्जी सल्फा, आणि खाली स्वतःचे नाव व क्रमांक लिहिला. बिब चिवट कागदाचा असतो, त्यावर बॉलपेन नीट उमटत नाही, म्हणून तिला प्रत्येक अक्षर दोन-दोनदा गिरवावे लागले. एक्स्पोला जाताना खिशात पाण्याने न पुसला जाणारा मार्कर ठेवा आणि बिब हातात आल्यावर, फोटो काढण्याआधी, तिथेच एखाद्या टेबलावर उलटा ठेवून तो भरा.